आक्कानं सांगितलेला उंबरघाट

यंदा कापूस फुटायला आणि ‘उंबरघाट’ परत यायला एकच गाठ पडली. सकाळी कमरेला फडक्याची झोळी बांधून पऱ्हाटीत शिरावं, चार बोंडं हाताला यावीत, तोवर कमरेचा फोन गुरगुरायला लागतो. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या वाळक्या नख्यांनी माझी बोटं अशी खरवडून निघतात, की फोन माझं बोट ओळखतच नाही. दाबा, घासा, फुंकर मारा, ढिम्म. मग मी करंगळीनं उघडते. करंगळीला वेचणीत काम नसतं, तेवढी एक मऊ उरलेली आहे.

फोनवर आमचा ग्रुप आहे, ‘उंबरघाटचे रहिवासी’. कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं, कुणी लातूरचं. एक दातांची डॉक्टरीण आहे, एक निवृत्त तलाठी आहेत, आणि चकलांब्याच्या रानातून करंगळीनं टाइप करणारी मी आहे. आमच्यातलं कुणी कुणाला समोरासमोर भेटलेलं नाही. पण ‘उंबरघाट’ ही जुनी मालिका त्या काळी सगळ्यांनी बघितली आणि सगळ्यांच्या हाडात शिरली, एवढं नातं पुरतं. आता कुणा भल्या माणसानं तिचे जुने भाग कुठून तरी काढून फोनवर टाकायला घेतलेत. रोज एक भाग येतो आणि दिवसभर आम्ही त्याचा कीस पाडतो.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घाटाच्या तोंडाशी एक एकटा बंगला, भोवती कायम धुकं. त्यात एक आजारी म्हातारी, तिची शुश्रूषा करायला आलेली इंदू नावाची मुलगी, बंगल्याचे धनी, त्यांचा कावेबाज धाकटा भाऊ भैयासाहेब, आणि किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारी बायजा. शिवाय धन्यांची मेलेली पहिली बायको. ती फक्त आरशात दिसायची. कथेत फार काही घडायचं नाही. एक दार उघडायला आठवडा लागायचा. पण तो आठवडा आम्ही श्वास धरून काढायचो.

आता बघताना कळतं, त्या लोकांकडं काहीही नव्हतं. एक दिवाणखाना, एक जिना, एक पंखा आणि धूर. भैयासाहेब चिडून खांबावर हात आपटतात तर दगडी खांब थरथरतो. तलाठीकाका असे खांब हुडकून हुडकून टाकतात ग्रुपवर आणि आम्ही हसतो. पण थट्टेत सुद्धा आमचा जीवच असतो त्यात. कारण त्याच थरथरत्या खांबाशेजारी बायजाचं काम करणारी ती बाई उभी असते, आणि ती पापणी लववत नाही. हातात कंदील, तोंडातून शब्द नाही, नुसती उभी. मी आता इतकी वर्षं झाली तरी तिच्याकडं बघून ताठ बसते. मोठमोठी पारितोषिकं मिळवलेल्या नट्या पाहिल्यात मी. नुसतं उभं राहून घर ताब्यात घेणारी अशी दुसरी पाहिली नाही.

आणि इंदू. तिला रडायचं काम फार होतं, पण ती रडायची कशी, तर आधी हातातलं काम पुरं करून. औषधाचा पेला खाली ठेवायची, झाकण लावायची, मग तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे तिला कुणी शिकवलेलं नसणार, ती घरात कामं करून आलेली असणार. मला पटतं. काम अर्धं टाकून रडायची चैन कुणाला असते?

ग्रुपवर सगळ्यात मोठं भांडण आहे ते धन्यांवरून. मालिका निम्म्यावर आली तेव्हा धन्यांचं काम करणारा नट बदलला. पहिला का गेला यावर दहा तोंडं. कुणी म्हणतं सिनेमा मिळाला, कुणी म्हणतं खटका उडाला. पहिल्याची माणसं वेगळी, दुसऱ्याची वेगळी, आणि दोघांत रोज जुंपते. पहिला देखणा, भुवई उचलायचा, बोलताना आवाज तळहातावर ठेवून द्यावा तसा हळू. दुसरा रापलेला, घोगरा, खांदे पडलेले. परवा कुणीतरी सरळ मत मागितलं, ‘पहिला धनी की दुसरा?’ मी करंगळीनं लिहिलं, ‘धनी एकच होता.’ लोक हसले. पुण्याच्या एका काकांनी दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. आता त्यांना काय सांगणार? मी ‘उंबरघाट’ डोळ्यांनी बघितला हे खरं, पण माझ्या मनात राहिला आहे तो आक्काच्या तोंडून ऐकलेला.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सरू. मी मांजरसुंब्याची. फाट्यावर वडिलांचं हॉटेल, दिवसभर ट्रकांचे भोंगे आणि कढईचा आवाज. तिथून लग्न होऊन चकलांब्यात आले तर इथं इतकं शांत, की मला झोप लागेना. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात थोरले दीर गेले. ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते झाकून. आक्काच्या पदरात लेकरू नव्हतं. आणि घरात मी नवी सून. गावातल्या दोघीतिघींनी माझ्या पायगुणावर बोट ठेवलंच. ओसरीवर बसून बोलत होत्या, मला ऐकू यावं असं. आक्का त्या दिवसांत कुणाशी एक अक्षर बोलत नव्हती. पण त्या दिवशी ती आतून म्हणाली, “तिच्या पायावर आमीच पानी घालून तिला घरात घेतलंय. ज्यांला घ्यायचं नसंल त्यांनी आपल्या घरी बसावं.” बाया उठून गेल्या. आक्का पुन्हा गप्प झाली.

तिचं गप्प राहणं मला कळत होतं. तेराव्याला तिचा भाऊ आष्टीहून आला होता. चार माणसांत तो सासऱ्यांना म्हणाला, “कापूस सरला की भैनीला घेऊन जातो. हितं एकलीनं काय करायचं तिनं?” सासरे दुःखात होते, त्यांनी मान हलवली, शब्द दिला. भाऊ काही वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं आपण कर्तव्य करतोय. फक्त आक्काला कुणी विचारलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, “तितं मी भैन म्हनून जाईन अन मोलकरीन म्हनून राहीन. भावजय चार दिवस गोड बोलंल. हितं त्यांनी लावलेला कापूस हाय. हितं मला माजं काम ठावं हाय.” त्यांनी म्हणजे दिरांनी. जून महिन्यात स्वतः सरकी टोबली होती त्यांनी, आणि तो कापूस फुटला तेव्हा वेचायला ते नव्हते.

तर असा तो हंगाम. सकाळी रानात जायचं, तिन्हीसांजेला गाठोडी घेऊन यायचं, आणि जेवणाच्या वक्ताला ‘उंबरघाट’. गल्लीत टीव्ही दोनच घरी. आमच्या बैठकीत शेजारपाजारचे पुरुष येऊन बसायचे, दाराशी बायकापोरं. वर्ष सरायच्या आत विधवा बाईनं त्या बैठकीत, पुरुषांसमोर, टीव्ही बघत बसायचं नाही, असं काही कुणी बोललं नव्हतं. बोलावं लागतच नाही. आक्का भिंतीपलीकडं चुलीपाशी बसायची. आम्ही इकडं बघायचो, ती तिकडं ऐकायची.

सासूबाई टीव्हीपाशी बसायच्या आणि मला सांगायच्या, “मोठं कर गं. मला ऐकू येत न्हाई.” मी आवाज वाढवायची. “अजून.” सासरे वैतागायचे, म्हणायचे, सारं गाव ऐकतंय. सासूबाई म्हणायच्या, ऐकू द्या. मला वाटलं म्हातारीचे कान गेले. मग एक दिवस मी चुलीपाशी आक्काच्या कानात पुटपुटले की आज आमटीत मीठ टाकायचं राहिलं वाटतं, आणि बैठकीतून सासूबाईंचा आवाज आला, “डब्यात वरच हाय मीठ, टाक आता.” त्या दिवसापासून मी न सांगता आवाज मोठा करू लागले. आम्ही दोघी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

वेचणीची टोळी रुखमिणमावशीची. मावशी म्हणजे गल्लीतलीच, तोंडानं फटकळ, हातानं झपाट्याची. टोळीतल्या बहुतेकींच्या घरी टीव्ही नव्हता, असला तरी त्या वक्ताला त्या भाकरी थापत बसलेल्या. त्यांना वाटलं, टीव्हीवाल्या घरची शिकलेली सून आलीय, ती सांगंल. पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, “सांग की गं, काल काय झालं बंगल्यात.” मी सांगितलं. इंदू जिन्यानं वर गेली, दार बंद होतं, बायजा आली, भाग संपला.

मावशी म्हणाली, “हे काय, बातम्या सांगती का?”

बाया हसल्या. मी ओशाळले. आणि शेजारच्या ओळीतून, बोंडावरची नजर न उचलता, आक्का बोलली. “जिना लाकडाचा हाय,” ती म्हणाली. “तिसरी पायरी वाजती. इंदूला ते ठावं झालंय, म्हनून ती तिसरीवर पाय देत न्हाई. पर काल तिनं दिला. कावून दिला? तर तिला वर कुणालातरी कळवायचं हुतं, की मी येतेय.”

सगळ्यांचे हात थांबले. मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, आणि मला पायरीचं काही कळलं नव्हतं. आक्कानं ती ऐकली होती. ती सांगत गेली. बायजाच्या किल्ल्या आधी कमरेला वाजतात, मग एकदम वाजायच्या थांबतात, म्हणजे तिनं जुडगा मुठीत धरला. आरशातली बाई येते तेव्हा बांगड्या वाजतात, पण एकाच हातातल्या. धनी बोलायच्या आधी श्वास घेतात, तो इंदूशी बोलताना लांब असतो आणि भावाशी बोलताना तोकडा. आक्कानं प्रत्येकाचा आवाज काढला नाही, ती काही नकला करणारी नव्हती. ती आपल्याच आवाजात, खालच्या पट्टीत सांगायची. तरी कोण बोलतंय हे विचारावं लागायचं नाही.

दिरांच्या मागं पहिल्यांदाच तिचा आवाज बायांनी ऐकला होता. मावशी नंतर मला म्हणाली, “मला वाटलं हिची वाचा गेली. अन ही बंगला घिऊन बसलीय पोटात.”

मग वेचणीची रीतच बदलली. एरवी जिचा हात चालतो ती पुढं जाते, जिचा नाही ती मागं रेंगाळते. आता सगळ्या एका रेघेत चालायला लागल्या, कारण पुढं गेलं तर ऐकू येईना आणि मागं राहिलं तरी येईना. आक्का मधल्या ओळीत. मागं राहणारीचं एखादं झाड शेजारणीच वेचून द्यायच्या. आणि आक्काची एक खोड होती. ओळ संपत आली, बांध जवळ आला, की ती नेमकी तिथं थांबायची. दाराच्या कडीला हात लागलेला असायचा, कंदील विझलेला असायचा, आणि ही बांधावर जाऊन गाठोड्यात झोळी रिकामी करायची. पाणी प्यायची. नव्या ओळीला सगळ्या लागल्या की मगच कडी उघडायची. मावशी तिला शिव्या घालायची, पण लोभानं. ओळी भराभर संपायच्या. दुसऱ्या रानातली माणसं विचारत यायची की ती गोष्टवाली टोळी आमच्याकडं कधी येती.

मला अजून नवल वाटतं, की टळटळीत उन्हात, घाम पुसत, आम्हाला ते धुकं आणि तो अंधार इतका गोड का लागायचा. भुतांची भीती वाटावी असं रानात काहीच नव्हतं. पण मला वाटतं, इंदू भुताला घाबरतच नव्हती. ती घरच्या माणसांना घाबरायची. कोण काय बोलेल, कोणत्या खोलीत जायचं नाही, कुणासमोर उभं राहायचं नाही, कुणाच्या मनात आपल्याला बाहेर काढायचं आहे. हे आमच्या बायांना सांगावं लागलं नाही. ग्रुपवर कुणीतरी असल्या मालिकांवर लांबलचक लिहितं, मीही वाचते, चांगलं असतं. पण वाचताना मला त्या ओळी आठवतात, आणि एकेक बाई आपापल्या बंद खोलीचा विचार करत बोंडं उतरवत होती असं वाटतं.

आक्का स्वतःचंही घालायची, हं. इंदूला तिनं अंजिरी लुगडं नेसवलं होतं. टीव्ही बघणारी शेजारची पोरगी एक दिवस वेचायला आली, ती म्हणाली, अंजिरी न्हाई, निळं हाय. आक्का शांतपणे म्हणाली, “कंदिलाच्या उजेडात निळं दिसतंय. हाय अंजिरीच.” आज फोनवर तो भाग आला की निळी साडी नेसलेली इंदू दिसते आणि मला वाटतं, रंग चुकलाय यांचा.

त्यात तो धनी बदलायचा प्रसंग आला. कथेत भैयासाहेबांनी धन्यांना तळघरात कोंडलं. बरेच दिवस धनी दिसलेच नाहीत, आणि एका सोमवारी तळघराचं दार उघडलं तर आतून दुसराच नट बाहेर आला. आमच्या बैठकीत एकच गलका. शेजारचे आप्पा माझ्या नवऱ्याला म्हणाले, “हा कोण बे आता?” सासरे म्हणाले, फसवतात लोकांना. मी चटकन भिंतीकडं बघितलं. पलीकडं भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी रानात मला धाकधूक. आता ही काय सांगणार? हिनं तर तोंड बघितलेलंच नाही, नुसता आवाज बदललेला ऐकलाय. मला वाटलं हिचा बंगला आज ढासळतो. आक्कानं ओळ धरली आणि सुरुवातच तिथून केली. “धन्यांचा आवाज बसलाय,” ती म्हणाली. “तळघरात ओल हुती. बोलायला कुणी न्हवतं. मानूस बोलला न्हाई की गळ्याला गंज चढतो. आता ते बोलत्यात तर आधीच्यासारका आवाज निघंना, अन त्यांलाच आपल्या आवाजाची वळख पटंना.”

मावशी म्हणाली, “पर तोंड बी बदललंय म्हनं, सरू. साऱ्या गल्लीत बोलत्यात.”

“अंधारात ठिवल्यावर मानसाचं तोंड तसंच राहतंय व्हय?” आक्का म्हणाली. “माजंच बगा की.”

खरं सांगते, इतके महिने एका घरात राहून मी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मापटं ओलांडताना समोर जी हसरी, भरल्या गालांची बाई उभी होती, ती ही नव्हती. पण आक्का होती. मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, “फुडं सांग. काय म्हनाले मग धनी?”

म्हणून मी लिहिलं, धनी एकच होता. त्या दुसऱ्या नटाचं कामही मला त्या दिवसापासून आवडायला लागलं. तो पडक्या खांद्यांनी जिना चढतो आणि मध्येच थांबून भिंतीला हात लावतो, तिथं मला रडू येतं. पुण्याच्या काकांना वाटतं तो अभिनयात कच्चा. मला वाटतं, ज्याला घरात परत यायचं आहे त्यानं असंच चढलं पाहिजे.

हंगाम सरत आला. बोंडं विरळ झाली, ओळीला झोळी भरेना. बाया मनातून हिशेब करायला लागल्या आणि कुणी बोलून दाखवेना. शेवटी मावशीच एका संध्याकाळी सासूबाईंपाशी टेकली. “वैनी, कापूस सरत आला,” ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, दिसतंय मला. मावशी म्हणाली, “न्हाई सरला तर बरं हुईल.” एवढंच बोलून गेली.

जेवताना सासूबाईंनी विषय काढला. “यंदा फरदड ठिवायची.” शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून रान मोकळं करतात. पण उपटल्या नाहीत आणि वरून पाणी दिलं, तर त्या पुन्हा फुटतात, पुन्हा थोडा कापूस येतो. ती फरदड. आता बोंडअळीच्या भीतीनं ठेवू नका म्हणतात, तेव्हा ठेवायचे काही लोक. पण आमच्याकडं कधी ठेवली नव्हती.

सासरे म्हणाले, “विहिरीला पानी हाय का? गहू उभा हाय माजा.”

“गव्हाला कमी द्या.”

“येडी झालीस का? असा किती कापूस येनार हाय त्यातून?”

“आष्टीच्या पाव्हन्याला तुमी काय शब्द दिला?” सासूबाईंनी विचारलं. “कापूस सरला की न्या, असा दिला ना? मग सरू देऊ नका.”

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. शब्द मोडणारा माणूस नव्हता तो, चार माणसांत दिलेला तर नाहीच. पाणी प्याले, उठले. सकाळी बघते तर पाइप खांद्यावर टाकून कापसाच्या रानाकडं निघालेले.

मला सासूबाईंचा अभिमान वाटला, तो अजून आहे. दार उघडायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून त्यांनी आवाज मोठा केला. शब्द फिरवता येत नव्हता, म्हणून हंगाम लांबवला. जे हाताशी होतं तेवढ्यानं त्या लढल्या.

संक्रांतीनंतर आक्काचा भाऊ आला. बांधावर उभा राहून रान बघत राहिला. पऱ्हाट्यांना कोवळी पानं, फुलं, हिरवी बोंडं. “अजून हिरवी हाय की,” तो म्हणाला. सासरे म्हणाले, “व्हय. अजून सरला न्हाई.” त्यानं चहा घेतला, बहिणीची खुशाली विचारली आणि गेला. आक्का त्या दिवशी रानात दोन दिवसांचं एका दिवसात सांगून मोकळी झाली.

पण फरदडीला तरी अंत असतोच. विहीर तळाला गेली, पानं वाळली, शेवटचा कवडी, अर्धवट फुटलेला कापूस घरात आला. आणि ‘उंबरघाट’ही संपत आला होता. शेवटच्या भागाच्या दिवशी बैठक गच्च भरली, उंबऱ्याच्या बाहेरपर्यंत माणसं. आणि ऐन त्या वक्ताला आष्टीचा पाहुणा दारात. सासऱ्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. टीव्हीत बंगल्याला आग लागलेली, धूर, इंदू धावतेय. पाहुणा माझ्या नवऱ्याला हसत म्हणाला, “काय बे, आता तरी सरला का तुमचा कापूस?”

माझा नवरा बापाकडं बघायला लागला. सासरे खाली सतरंजीकडं. सासूबाईंचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. नवऱ्यानं दिलेल्या शब्दावर चारचौघांत बायकोनं काय बोलावं? मी आवाज कमी करावा की वाढवावा ते मला कळेना, मी नुसतं बटण धरून बसले. पाहुणा म्हणाला, “सकाळच्या गाडीनं निघतो मग. तिची तयारी करायला सांगा.”

आणि आक्का आतून आली. हाताला पीठ तसंच. इतक्या पुरुषांच्या मधून वाट काढत ती सरळ पुढं आली आणि टीव्हीच्या पुढ्यात, त्याच्याकडं पाठ करून, भावासमोर उभी राहिली.

“दादा,” ती म्हणाली, “शब्द मामांनी दिलता. मी दिला न्हवता. मी येत न्हाई.”

पाहुणा म्हणाला, “सरू, लोक काय म्हनतील? भाऊ असून भैनीला—”

“लोकांला मी सांगते. रोज सांगते मी त्यांला, ऐकत्यात ते माजं.” तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. “तुजा राग न्हाई मला. राखीला येईन. दिवाळीला येईन. राहायला येनार न्हाई. हितं माजं रान हाय, माजी मानसं हायत.”

तिच्यामागं टीव्हीत काय चाललं होतं देव जाणे. सासऱ्यांनी मान वर केली नाही, पण त्यांनी सतरंजीवरून सरकून थोडी जागा केली. तेव्हा सासूबाई बोलल्या, रोजच्या कामाचं बोलावं अशा आवाजात. “सरू, उभी कावून? खाली बस. लोकांला टीव्ही दिसंना झालाय.”

आक्का बसली. उभी होती तिथंच, भावाकडं तोंड करून. मी सरकून तिला टेकले. तिचं अंग तापल्यासारखं गरम लागत होतं. भाऊ म्हणाला, “बरं. जेवायला तरी वाढ मग.” ती उठली, तिनं ताट वाढलं. मालिका केव्हा संपली ते आमच्या घरात कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पऱ्हाट्या उपटायला गेलो. वेचायचं काही नव्हतं, जळण गोळा करायचं होतं. टोळी आपणहून आलेली, मजुरीचं कुणी बोललं नाही. रात्रीची बातमी गल्लीभर झालीच होती. तरी मावशीनं थोडा वेळ कळ काढली आणि मग विचारलं, “सरू, काल बैठकीत बसलीस म्हनं. मग दिसायला कसा हाय गं धनी?”

“माजी पाठ हुती,” आक्का म्हणाली.

बाया हसल्या, आक्काही हसली. मग मावशी गंभीर झाली. “शेजारची पोरगी सांगत हुती, बंगला सगळा जळला. काय राह्यलं न्हाई. अन इंदू टांग्यात बसून निघून गेली म्हनं. खरं का?”

ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं त्याही आक्काच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

“टांग्यात बसली हे खरं हाय,” आक्का म्हणाली. “पर येशीपाशी उतरली.”

“कावून?”

आक्कानं पऱ्हाटी दोन्ही हातांनी धरली, उपटली, मुळांची माती झटकली आणि बाजूला ठेवली.

“तिचं घर हाय ते,” ती म्हणाली. “जळलेलं असलं म्हनून काय झालं.”